उजव्या फळीतली दोन भोके

मी एक जुनी बेरिंगची गाडी आहे. लाकडी, चार चाकांची, दोरीने ओढायची. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी अशी गाडी पाहिलीही नसेल. पाहिली असेल तर तिचा आवाज तुम्हाला आठवेल. डांबरी रस्त्यावर आम्ही निघालो की चार घरे पलीकडच्या माणसाला कळायचे.

मला बोलायची सवय नाही. रस्त्यावर होते तेव्हा माझी चाकेच इतकी बोलत की मला तोंड उघडावे लागले नाही, आणि नंतरची चौदा वर्षे ऐकायला कोणी नव्हते. त्यामुळे सांगताना काही मागेपुढे झाले तर समजून घ्या. सगळे नेमके असेच घडले, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण माझ्या उजव्या फळीत दोन भोके आहेत, बोट जाईल एवढी. त्यांच्याबद्दल मात्र माझी चूक होणार नाही.

माझा जन्म १९९३च्या दिवाळीतला. नाशिकला अंबडचे कारखाने आहेत ना, त्यांच्या मागच्या बाजूला एका टेकाडावर आमची वस्ती होती. तिथे सहादू नावाचा कामगार राहत असे. एका कारखान्यात तो लेथ मशीनवर काम करायचा. त्या वर्षी कारखान्यात परदेशातून एक मोठे यंत्र आले. ते ज्या देवदारी खोक्यातून आले, त्याच्या फळ्या भंगारात निघाल्या. सहादूने साहेबांना विचारून चार फळ्या सायकलला बांधून घरी आणल्या. चाकांसाठी झिजलेली चार बेरिंग त्याच्याकडे होतीच.

एका फळीवर काळ्या रंगात पेल्याचे चित्र छापलेले होते. आत काचेची वस्तू आहे, जपून उचला, असा त्याचा अर्थ. सहादूने बाकीच्या फळ्या निळ्या रंगवल्या, पण ती तशीच ठेवली. कारण त्याचा चार वर्षांचा मुलगा भारत त्या पेल्याला तोंड लावून "सरबत पितोय" म्हणत बसला होता.

"पी बाबा, पी," सहादूची बायको मालनबाई म्हणाली, "साखर तरी वाचंल माझी."

भारतची मोठी बहीण साधना तेव्हा नऊ वर्षांची होती. ती मात्र खेळत नव्हती, वडिलांच्या हाताखाली काम करत होती. खिळे दे, दोरी धर, पान्हा आण. संध्याकाळी सगळ्यात शेवटी ब्रेक बसवायचा राहिला. सहादूने माझी उजवी फळी आडवी ठेवली, साधनाने ती दोन्ही हातांनी आणि एका गुडघ्याने घट्ट दाबून धरली, आणि त्याने गिरमिटाने दोन भोके पाडली. भोकात बोल्ट, बोल्टवर लाकडी दांडा, दांड्याच्या टोकाला टायरचा तुकडा. दांडा खाली दाबला की टायर रस्त्याला घासणार आणि मी थांबणार. साधी युक्ती होती.

पण आणलेले बोल्ट जाड निघाले. भोकात जाईनात.

"आबा, बसवा ना आत्ताच," साधना म्हणाली.

"आता दुकान बंद झालं आसंल. पुढच्या सुट्टीला लावतो. अर्ध्या तासाचं तर काम हाय."

भारत तोवर माझ्यात जाऊन बसला होता आणि उतरायला तयार नव्हता. मग काय, निघालो आम्ही तशाच.

मित्रांनो, पुढची दोन वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली होती. साधना रोज सकाळी भारतला माझ्यात बसवून अंगणवाडीत सोडायची. परत येताना गिरणीतून दळण आणायची. पिठाचा डबा आणि भारत दोघेही माझ्यात असले की भारतच्या भुवया पांढऱ्या होत. वस्तीतली मुले एका फेरीसाठी रांग लावत. दसऱ्याला सहादू कारखान्यातल्या मशीनच्या पूजेतली झेंडूची माळ घरी आणायचा, आणि त्यातला अर्धा तुकडा माझ्या पेल्यावर लटकवायचा. तो दर महिन्याला माझ्या चाकांना ग्रीस लावी. ग्रीस लावताना त्याची नजर त्या दोन भोकांकडे जायची. "हां, ब्रेक," असे तो स्वतःशीच म्हणायचा.

एका सुट्टीला त्याच्या मेहुण्याचे लग्न निघाले. एका सुट्टीला पत्रा गळत होता. एका सुट्टीला त्याने खरोखर बारीक बोल्ट आणले, डालड्याच्या डब्यात टाकून ठेवले, आणि दुपारी जेवल्यावर त्याला झोप लागली. मी त्याला दोष देत नाही. पहिल्या पाळीचा माणूस पहाटेच उठलेला असतो. पण खरे ते सांगितले पाहिजे. मला थांबवायचे साधन त्या डब्यात होते आणि ते डब्यातच राहिले.

आता बारागाड्यांबद्दल सांगते, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही.

आमच्याकडे चंपाषष्ठीला खंडेरावाची यात्रा भरते. त्या दिवशी बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात, त्यांत माणसे गच्च भरतात, आणि एकटा भगत त्या ओढतो. त्याने उपास केलेला असतो, अंग हळदीने माखलेले असते, कमरेला दोर असतो. लोक भंडारा उधळतात, "येळकोट येळकोट जय मल्हार" असा गजर करतात. आणि आमच्या वस्तीचा एक कडक नियम होता. गाड्या चालू लागल्या की देवळापर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. हात लावला तर भगताचे बळ जाते, म्हणत. लोक दोन्ही हात वर करून बाजूने पळत.

१९९५च्या यात्रेत साधनाने हे सगळे वडिलांच्या शेजारी उभे राहून पाहिले. घरी आल्यावर ती अंगणात माझी दोरी स्वतःच्या कमरेला बांधून बराच वेळ उभी राहिली. बारागाड्या ओढायच्या, एवढेच तिच्या मनात होते. दुसरे काही नाही.

वस्तीतल्या मुलांनी पुढच्या रविवारी बारागाड्यांचा खेळ मांडला. बारा गाड्या जमवल्या. सगळ्यांत मोठी मी, म्हणून मला पुढे बांधले. माझ्यामागे तीनचाकी सायकलचा सांगाडा. मग पत्र्याच्या डब्यांच्या गाड्या, त्यांना जुन्या चपला गोल कापून केलेली चाके. शेवटच्या दोन तर नुसती खोकी होती, दोरीने ओढली जाणारी. वजन हवे म्हणून सगळ्यांत विटा भरल्या. मानाचा गडी म्हणून माझ्यात भारतला बसवले. तो सहा वर्षांचा झाला होता आणि त्याच्या कपाळावर एवढी हळद होती की ती डोळ्यांत उतरत होती.

घरातून मालनबाईचा आवाज आला, "डब्यातली हळद कुठं गेली गं सारी? लगीन लागलं काय कुणाचं?"

साधनाने दोन्ही हात पाठीमागे लपवले. सकाळपासून तिने काही खाल्ले नव्हते. आईला म्हणाली होती, पोट दुखतंय.

भगत कोण व्हायचे यावर भांडण झाले. भिकन नावाचा तेरा वर्षांचा मुलगा सगळ्यांचा पुढारी होता.

"पोरी नाय ओढत बारागाड्या," तो म्हणाला. "कधी पाहिली का पोरगी भगत झालेली?"

"गाडी माझी हाय," साधना म्हणाली.

"गाडी तुझी, आंग तर पोरीचंच ना!"

"तू ओढ मग आधी."

भिकनने कमरेला दोर बांधला, तोंड वेडेवाकडे करत जोर लावला. मी तसूभरही हलले नाही. मुले हसली. मग साधनाने ओढले. मी थोडी सरकले, वीतभर, आणि थांबले. सपाट रस्त्यावर विटांनी भरलेल्या बारा गाड्या मोठ्या माणसाकडूनही पुढे गेल्या नसत्या.

"ए साधे, अंगात येऊ दे की!" कोणीतरी ओरडले.

तिचे डोळे भरून आले होते, पण ती रडली नाही. भिकनलाच मग तिची दया आली असावी. तो म्हणाला, "थांब. उतारावर नेऊ. तिथं चालतील."

वस्तीपासून खालच्या मोठ्या रस्त्यापर्यंत लांब उतार होता. त्या रस्त्यावरून कारखान्यांचे ट्रक जात. मुलांनी विटा उतरवून, पुन्हा भरून, आम्हाला उताराच्या तोंडाशी उभे केले. मित्रांनो, मला तिथेच कळले होते. माझ्या चाकांना उतार कळतो, तुमच्या पायांना कळतो तसाच. पण कळून मी काय करणार? माझ्याकडे ती दोन भोके होती, आणि त्यांतून वारा जात होता.

दुपारचे तीन वाजून गेले होते. कारखान्यांची सुट्टी शनिवारी असायची, त्यामुळे रविवार असूनही पहिल्या पाळीचे कामगार सायकली हातात धरून चढ चढत होते. मुलांचा थाट पाहून ते थांबले, कडेला उभे राहिले. त्यांच्यात सहादू होता.

"अरे, ही तर सहादूची पोर!"

"बघा, बघा! हळदबिळद लावून!"

साधनाने वडिलांकडे पाहिले. मग वाकून कमरेच्या दोराला झटका दिला, आणि आम्ही निघालो.

पहिली दहा पावले तिने मला ओढले. ते खरेच तिचे बळ होते, हे मी कुठेही सांगेन. त्यानंतर दोर सैल पडला. मागच्या गाड्या मला ढकलू लागल्या आणि मी तिच्या टाचांच्या मागे लागले. ती पळू लागली. लोकांना वाटले, पोरगी काय जोरात ओढते आहे! कोणीतरी "येळकोट येळकोट" म्हणाले आणि सगळ्यांनी "जय मल्हार" म्हणून दोन्ही हात वर केले. चाकांच्या आवाजात भारतचे रडणे कोणाला ऐकू आले नाही. मला येत होते. तो त्या पेल्याची फळी घट्ट धरून "ताई, थांब, ताई" म्हणत होता.

मी सहादूच्या समोरून गेले. तो माझ्यापासून दोन विती अंतरावर होता. नुसता हात खाली केला असता तरी माझी मागची फळी त्याच्या हाती लागली असती. पण त्याचेही दोन्ही हात वर होते. तो हसत होता. गाड्यांना हात लावायचा नाही, हे त्याच्या अंगातच भिनलेले होते. आणि मुलीच्या कौतुकाने त्याला दुसरे काही दिसत नव्हते.

साधनाला खालचा रस्ता दिसला. त्यावरून येणारा ट्रक दिसला. तिने मागे वळून भारतकडे पाहिले. बाजूला उडी मारली असती तर ती कदाचित सुटली असती, कदाचित दोराने फरफटली असती, मला सांगता येत नाही. तिने उडी मारली नाही. ती वळली आणि आपला उजवा पाय माझ्या पुढच्या चाकाखाली घातला.

मित्रांनो, बेरिंग लोखंडाचे असते. त्यावर मी, माझ्यात भारत, आणि मागे अकरा गाड्यांच्या विटा. मला थांबता आले असते तर मी थांबले असते. एवढेच मी म्हणू शकते आणि ते कोणाच्या उपयोगाचे नाही. मी तिच्या पायावरून गेले, वाकडी झाले आणि रस्त्याच्या अलीकडच्या गटारात उलटले. भारत चिखलात पडला. त्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. ट्रक निघून गेला. ट्रकवाल्याला काही कळलेही नसेल.

साधनाच्या पायाची दोन बोटे गेली आणि टाच कायमची वाकडी झाली. तीन महिने ती खाटेवर होती. त्या दिवसांत मी अंगणात उलटी पडून होते. येणारे-जाणारे काय बोलतात ते मला ऐकू येई.

शेजारची चिमणाबाई म्हणायची, "देवाच्या गाड्या पोरीच्या जातीनं ओढायच्या आसतात का? खंडेराव बरा सोडंल?"

दुसरी कोणी म्हणायची, "आधीच हट्टी हाय ती."

सगळे साधनालाच बोलत. सहादू उंबऱ्यावर बसून ऐकायचा आणि गप्प राहायचा. ब्रेक लावायचा राहिला होता, असे तो कोणापाशी बोलला नाही. मला वाटायचे, हे फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक आहे, त्याला आणि मला. तो सांगत नव्हता, आणि मला सांगता येत नव्हते. त्याच्या गप्प बसण्याचा मला राग यायचा. मग वाटायचे, मी कोण राग धरणारी? पायावरून तर मीच गेले होते.

होळीला मुले लाकडे गोळा करत आली. मालनबाईने माझ्याकडे बोट दाखवले. "न्या ती. जाळा एकदाची. डोळ्यांसमोर नको."

दोघांनी मला उचललेही. तेवढ्यात साधना भिंतीला धरून दारात आली. अपघातानंतर ती पहिल्यांदाच बाहेर येत होती.

"ठेवा ती खाली."

"अगं, पाय खाल्ला तिनं तुझा," मालनबाई म्हणाली.

"तिनं काय खाल्लं? तिला काय हात होते का धरायला?"

सहादू उठला, त्याने मुलांच्या हातून मला घेतले आणि मागच्या पडवीच्या माळ्यावर नेऊन ठेवले. ठेवताना त्याचा अंगठा त्या भोकांवरून फिरला. मग तो शिडी उतरून गेला.

तिथे मी चौदा वर्षे होते. त्या काळाबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. माझ्यात गोणपाट टाकले गेले, कांदे ठेवले गेले. एका कोंबडीने दोनदा अंडी उबवली. पिलांनी मला खूप घाण केले, पण ते दिवस बरे गेले. बेरिंग गंजली. भोकांमध्ये कुंभारीण माशीने मातीचे घर केले. खालून आवाज येत, त्यांवरून मी घराची हालहवाल ओळखायची. साधनाची पावले मला लगेच कळत. एक सरळ, एक घासत. एकदा पाहुणे तिला बघायला आले होते, ते चहा पिऊन गेले आणि नंतर कित्येक महिने घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. पुढे देवळा गावच्या एका भल्या माणसाशी तिचे लग्न झाले. ती निघाली तेव्हा तीच पावले अंगणातून लांब गेली. मला दोन भोकांतून काही दिसते का, म्हणून मी फार प्रयत्न केला. मातीने ती बुजलेली होती.

२००९च्या दिवाळीत साधना माहेरी आली. बरोबर तिची चार वर्षांची मुलगी होती. तिचे शाळेतले नाव काहीही असो, सहादू तिला नवसाबाई म्हणायचा. सहादू त्याच वर्षी कारखान्यातून निवृत्त झाला होता. आता त्याला रोजच सुट्टी होती.

पडवी साफ करायला काढली म्हणून मला खाली उतरवले. नवसाबाईने मला पाहिले आणि थेट आत बसली. नंतर काडीने माती उकरून तिने दोन्ही भोके मोकळी केली आणि त्यांत दोन बोटे घातली.

"आजोबा, हे काय आहे? गाडीचे डोळे?"

सहादू घरात गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात डालड्याचा गंजलेला डबा होता.

"आता ते काय उकरताय?" मालनबाई म्हणाली. "कोण बसणार हाय त्यात? पोरीला सायकल घ्या की."

"घेतो. सायकलबी घेतो."

त्याने खाली बसून काम सुरू केले. लेथवरचे हात होते, विसरले नव्हते. बारीक बोल्ट भोकात गेले. सहज गेले. दांडा बसला. टायरचा तुकडा बसला. बेरिंगमध्ये रॉकेल घातले, मग ग्रीस. चहा ठेवला होता, तो गार व्हायच्या आत काम झालेही.

मग तो मला उताराकडे घेऊन गेला. साधनाही पायाने रेघ ओढत मागे आली. नवसाबाईला त्याने माझ्यात बसू दिले नाही. चार विटा ठेवल्या, स्वतः दांड्यावर हात ठेवून वाकला आणि मला सोडले. मी निघाले. तोच उतार. चाकांनी तो लगेच ओळखला. पाच पावलांवर त्याने दांडा दाबला.

मी थांबले.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच उतारावर थांबले होते. थांबणे इतके सोपे असते हे मला माहीत नव्हते.

सहादू उठला नाही. तसाच वाकलेला राहिला. म्हणाला, "अर्ध्या तासाचं काम होतं गं, साधना. तुला ठाऊक नसंल. ब्रेक लावायचा ऱ्हायला होता."

साधना त्याच्या शेजारी खाली बसली. वाकडा पाय बाजूला घेऊन, हळूच.

"ठाऊक होतं, आबा. भोकं पाडताना फळी कुणी धरली होती?"

तेव्हा मला आठवले. दोन हात आणि एक गुडघा. मी मूर्ख, मला वाटत होते की हे आम्हा दोघांनाच माहीत आहे. साऱ्या वस्तीने तिला हट्टी म्हटले, देवाचा कोप म्हटले, आणि ही एवढीशी मुलगी खाटेवर पडून एका शब्दानेही बोलली नव्हती.

"मग बोलली का नायस?" सहादूने विचारले.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते," ती म्हणाली.

दिवाळी संपल्यावर ती देवळ्याला परत गेली. नवसाबाईला सायकल मिळाली. मी आता अंगणात भिंतीला टेकून उभी असते. माझ्यात कोणी बसत नाही. ब्रेक आहे आणि उतार नाही, अशी माझी गत आहे.

तरी एक मागते. मला मागायचा अधिकार आहे की नाही, कोण जाणे. तुम्ही मोठे व्हाल, कोणासाठी काहीतरी कराल. आम्हा वस्तूंना चालायला शिकवाल, तेव्हा थांबायलाही त्याच दिवशी शिकवा. आम्हाला स्वतः काही करता येत नाही. तुमचे दोन हात हेच आमचे हात. आणि कधी काही राहून गेले, तर निदान ते बोलून टाका. समोरचे माणूस वाट बघत असते.

सहादू रोज सकाळी दात घासून झाले की माझ्यापाशी येतो. खिशातून पान्हा काढतो आणि ब्रेकचे दोन्ही बोल्ट पिळून पाहतो. ते कधीच ढिले झालेले नसतात. तरीही तो पिळतो.